पाहुण्याला पाणी

अश्लेषाला लहानपणी मी एक गोष्ट अगदी घोटून शिकवली होती. कुणाच्याही दारातून मूग गिळून निघायचं नाही, 'आता तुम्ही या आमच्याकडे' असं म्हणूनच निघायचं. म्हणायला काय जातं? येणारा येत नाही आणि आपली जीभ गोड राहते. पण हे कुणाला म्हणायचं आणि कुणाला नाही ते सांगायचं राहिलं, आणि ही पोरगी एका तळ्याला म्हणून आली.

मी शोभा. संगमनेरला आमचं औषधांचं दुकान आहे, मी आणि हे, म्हणजे उल्हास, दोघं मिळून चालवतो. त्यामुळे लोकांच्या तक्रारी ऐकायची सवय आहे, आणि त्यातल्या निम्म्यांवर विश्वास न ठेवायचीही. दसरा झाला आणि मी लेकीच्या बाळंतपणासाठी हॉलंडात वाखनिंगनला आले. डिंक, अळीव, बाळंतशेप सगळं बरोबर. जावई पुष्कर आइंडहोवनकडे चिप बनवायच्या यंत्रांवर काम करतात. सकाळी गाडी काढतात ते अंधार पडल्यावर उगवतात. दिवसभर घरात आम्ही दोघी मायलेकीच.

अश्लेषा इथल्या एका प्रयोगशाळेत वाळूचं वय काढते. वाळूच्या कणाला शेवटचं ऊन कधी लागलं ते तिला यंत्रावर कळतं. त्यासाठी वाळू लोखंडी नळीत भरतात, तोंडं बंद करतात आणि इथे काळोख्या खोलीत मंद तांबड्या दिव्याखाली उघडतात. हे कळून कुणाचं काय भलं होतं, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "तू लोकांना खोकल्याचं औषध देतेस, त्यांचं तरी काय भलं होतं?" पोरगी माझीच आहे.

तर हे तळं. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात चारी बाजूंनी डोंगर आणि मध्ये परातीसारखं खोलगट खोरं. हिमयुगात तिथे आपल्या तालुक्याएवढं पाणी होतं. त्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती, नदी नाही की ओढा नाही. पुढे हवा पालटली, पाऊस गेला आणि ऊन ते सगळं पाणी बसल्या जागी पिऊन गेलं. आता तिथे पांढरी, भेगाळलेली, मिठाची जमीन आहे. डोंगरांच्या अंगावर मात्र, दूध आटवलेल्या पातेल्याला आतून राहतात तशा, एकाखाली एक रेघा आहेत. पाणी जिथे काही काळ थांबलं तिथे रेघ.

अश्लेषा वसंतात तिथे गेली, तेव्हा दिवस राहिल्याचं नुकतंच कळलं होतं. शेवटच्या दिवशी बाकीचे लोक सामान गाडीत भरत होते आणि ही त्या पांढऱ्या जमिनीवर उभी राहून हात जोडून म्हणाली, "येते हं. खूप दिलंत. आता तुम्ही या आमच्याकडे." मी आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं हे मला हसत हसत सांगितलं. मीही हसले. आईचं वळण वाळवंटातही सुटलं नाही म्हणून कौतुकच वाटलं.

पहिल्यांदा खटकली ती कणीक. नेहमीसारखी भिजवायला घेतली तर पीठ पाणी पीतच राहिलं. भांडंभर घातलं, आणखी भांडंभर घातलं, तरी मुठीत धरावं तर भुरभुर. मी आल्बर्ट हाइन या इथल्या दुकानातल्या पिठाला नावं ठेवली. दुसऱ्या दिवशी भाताचं तेच. भिजलेले टॉवेल हां हां म्हणता पापडासारखे कडक व्हायचे. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, नदी काठच्या कुरणांत शिरली होती, शेजाऱ्यांच्या खिडक्या आतून घामेजलेल्या असायच्या. आमच्या खिडक्या कोरड्या ठणठणीत.

"आई, सेंट्रल हीटिंगमुळे ह्युमिडिटी लो होते," पुष्कर म्हणाले. "मी ह्युमिडिफायर ऑर्डर करतो."

ते यंत्र आलं. त्याची टाकी भरेपर्यंत रिकामी व्हायची आणि खोली होती तशीच. शेवटी घरमालकानं एक माणूस पाठवला. त्यानं भिंतीला मोजायचं यंत्र टेकवलं, यंत्र थोपटलं, पुन्हा टेकवलं आणि बराच वेळ डच भाषेत काहीतरी बोलला.

"तो म्हणतोय, आयुष्यभर लोकांच्या घरांतली ओल काढतोय," अश्लेषानं मला सांगितलं, "ओल घालावी लागेल असं घर पहिल्यांदाच बघतोय."

जाताना तो आमच्या नळाखाली ओंजळ धरून पोटभर पाणी प्यायला आणि घाईघाईनं गेला.

स्वयंपाकघरातल्या टेबलाला चार खुर्च्या आहेत. खिडकीजवळच्या खुर्चीसमोर पाण्याचा एक पेला कायम भरलेला असायचा. मला वाटायचं अशूचाच असेल. एका दुपारी मटार सोलताना सहज लक्ष गेलं. पेल्याला कुणी हात लावत नव्हतं आणि पाणी खाली चाललं होतं. मध्ये थांबायचं, पुन्हा चालायला लागायचं, आणि जिथे थांबायचं तिथे काचेवर बारीक पांढरी रेघ उमटायची. तळ दिसला तशी अश्लेषा जड अंगानं उठली, तिनं पेला विसळला आणि पुन्हा भरून तिथेच ठेवला.

"कुणासाठी?" मी विचारलं.

"आलेत ना," ती म्हणाली. "आल्या माणसाला आधी पाणी द्यावं, तूच म्हणतेस."

थट्टा करताना तिची डावी भुवई उडते. ती जागची हलली नव्हती. माझ्या अंगावर सरसरून काटा आला, खोटं कशाला सांगू.

"कधीपासून?" मी हळूच विचारलं.

"तू यायच्या थोडं आधीपासून. मला आधी नीट कळलं नाही. मग हे दिसलं." तिनं भिंतीकडे बोट केलं. माझ्या डोक्याच्या वर हातभर उंचीवर, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक पांढरी रेघ होती. मी ती रंगाची समजत होते. तिच्याखाली आणखी एक होती, फिकट, फडताळाच्या मागून जाऊन पलीकडे निघालेली. "काठ आहेत हे. पाणी उतरताना जिथे थांबलं तिथले."

"म्हणजे मी इथे मटार सोलत बसते तेव्हा माझ्या डोक्यावरून पाणी असतं?"

"असतं म्हणजे, नसतं. नसलेलंच पाणी आहे ना ते, आई. त्याच्याकडे आता तेवढंच उरलंय." ती इतक्या मायेनं बोलत होती, की मला भीतीच्या जोडीला रागही आला. मी पेला उचलून मोरीत ओतला. मी वळेपर्यंत तिनं दुसरा भरला होता.

इथे बाळंतपणाचं डॉक्टरच्या आधी सुईण बघते. आमची युडिथ सायकलवरून यायची, पावसात चिंब. पुसायला टॉवेल आणून द्यावा तोवर तिचे केससुद्धा वाळलेले असायचे. त्या आठवड्यात तिनं पोट मापलं, पुन्हा मापलं आणि आम्हाला शेजारच्या एडे गावच्या हॉस्पिटलात पाठवलं. सोनोग्राफीत बाळ ठीक होतं, पण त्याच्या भोवतीचं पाणी कमी झालं होतं. इथे त्या पाण्याला फ्रुख्तवाटर म्हणतात, फळाचं पाणी. मला तो शब्द फार आवडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भरपूर पाणी प्या, पडून राहा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघू. आणखी कमी झालं तर बाळाला आताच बाहेर काढावं लागेल, आणि ते अजून लहान आहे.

पुष्करचा चेहरा पांढराफटक पडला. ते मोबाइलवर काय काय वाचत बसले. मला वाचायची गरज नव्हती. ते पाणी कुठे चाललंय हे मी रोज त्या पेल्यात बघत होते.

घरी आल्यावर पुष्कर वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगला बसले. मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि त्या खुर्चीसमोर उभी राहिले.

"हे बघा," मी म्हणाले, "आलात, बरं वाटलं. पाहुणचार झाला. आता निघा."

पेल्यातलं पाणी थांबलं. मला क्षणभर वाटलं, जमलं. मग ते पुन्हा खाली जाऊ लागलं, सावकाश.

"तुझं नाही ऐकणार," दारातून अश्लेषा म्हणाली. "बोलावलं मी. घरही माझं आहे."

"मग तू सांग."

"नाही होत गं," ती म्हणाली. "एवढ्या लांबून आलंय. त्याच्या काठावर माणसं होती आई, चुली सापडल्यात आम्हाला. ती गेल्यापासून त्याला कुणी 'या' म्हटलं नव्हतं. मी म्हटलं आणि ते आलं. आता जा कसं म्हणू?"

"आणि पोटात आहे त्याला काय म्हणणार आहेस?"

ती रडायला लागली. गालावर आलेला थेंब हनुवटीपर्यंत पोचला नाही. मध्येच वाळला आणि तिथे पांढरी रेघ राहिली. मला असं वाटलं की हिला एक ठेवून द्यावी आणि लगेच छातीशी धरावी. दोन्हींपैकी काहीच केलं नाही. तिला आडवं केलं आणि पेल्यामागून पेले पाणी पाजलं. ती सगळं प्यायली आणि तिचे ओठ तसेच फुटलेले राहिले.

आमच्याकडे मुक्काम ठोकून बसलेल्या पाहुण्याला हलवायची एक रीत आहे. घरधनी कधी 'जा' म्हणत नाही. नात्यातलं दुसरं कुणी येतं आणि आग्रह करतं, 'इथेच काय बसलात, आता चार दिवस आमच्याकडे चला.' पाहुण्याचा मान राहतो आणि घरधन्याची सुटका होते. माझ्या सासूबाईंचे एक मामेभाऊ असे घरोघरी फिरून वर्ष काढायचे आणि शेवटपर्यंत त्यांना कुणी वावगा शब्द बोललं नाही. मी पडल्या पडल्या हा विचार केला आणि सकाळी, अश्लेषा झोपलेली असताना, उठले.

पेला भरला. शेजारची खुर्ची ओढून बसले. बाहेर पावसात पोरं सायकलवरून शाळेत चालली होती. मी अगदी घरच्या कार्याला बोलावतात त्या आवाजात म्हणाले, "अहो, इथे काय ठेवलंय? ती अवघडलेली, नवरा दिवसभर बाहेर. तुमचं नीट काही होत नाही. आता माझ्याकडे चला." संगमनेरला चला म्हणणार होते, पण तिथे हे आहेत, म्हणून जीभ आवरली. "घरी नाही, माझ्याकडे. मी बसेन तिथे तुम्ही. माझं आता वय झालं, मला एवढं पाणी घेऊन करायचंय काय?"

पेल्यातलं पाणी थांबलं आणि थांबूनच राहिलं. मग माझी जीभ टाळ्याला चिकटली. तोंडभर मिठाची चव पसरली. मी डोळे मिटले तर चारी बाजूंना डोंगर दिसले, रेघारेघांचे, आणि मी त्यांच्या मधोमध, खूप खाली, तळाशी बसलेली. आवाज कसलाच नव्हता. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. डोळे उघडले तेव्हा खिडकीची काच आतून धुरकट झाली होती आणि तिच्यावरून एक ओघळ खाली येत होता.

त्या दिवशी कणीक अर्ध्या भांड्यात मऊसूत भिजली. पुढच्या सोनोग्राफीत पाणी वाढलेलं निघालं, त्याच्या पुढच्या वेळी आणखी. डॉक्टरीणबाई खूश.

"बघा आई, ह्युमिडिफायरचा रिझल्ट," पुष्कर म्हणाले.

मी म्हटलं, "तर काय." जावयाशी वाद घालू नये.

अश्लेषानं दोन दिवस तो पेला भरलेला बघितला. मग माझ्या टाचांकडे बघितलं, त्यांना भेगा पडून आतली पांढरी कातडी दिसत होती. माझ्या मनगटावरही रेघा उठल्या होत्या, एकाखाली एक. अंघोळ करून मी बाहेर यायची ती कोरडीच. तिला सगळं कळलं.

"आई, हे काय केलंस?" ती एवढंच म्हणाली.

"पाहुणे आहेत," मी म्हटलं. "बसतील चार दिवस."

मुलगी झाली. चांगली सणसणीत, सरळ बाळंतपण. हॉस्पिटलात पुष्कर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन माझ्यासमोर आले. डोळ्यांना धार लागली होती त्यांच्या. "आई, घ्या ना." मी हात मागे नेले आणि सांगितलं, सर्दी झालीय. माझ्याही छातीत हुंदका आला, पण डोळ्यांत पाणी आलं नाही, नुसते चुरचुरले. पुष्करना ते लागलं असणार. सासूबाईंना नात झाल्याचा आनंद नाही असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. लाडक्या लेकीच्या बाळाला न्हाऊ-माखू घालायला मी सातासमुद्रांपलीकडून आले होते आणि त्याला बोटसुद्धा लावत नव्हते. माझं काळीज तुटत होतं, हे कुणाला सांगणार?

घरी आल्यावर मला वाटलं होतं त्याच्याहून वाईट निघालं. अश्लेषाला दूध भरपूर होतं. मी तिच्या पाठीशी उशी सरकवायला गेले की बाळ तोंड काढून किंचाळायचं. मी बाजूला झाले की प्यायला लागायचं. मी अगदी वरच्या, छपराखालच्या खोलीत जाऊन राहिले. पण इथली घरं म्हणजे काड्यापेट्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी युडिथ बाळाचं वजन करून गंभीर झाली. मी जिन्यातून वाकून बघितलं तर त्या एवढ्याशा ओठांच्या कडेला एक पांढरी रेघ होती.

मी बॅग भरली. संगमनेरला गेल्यावर ह्यांचं काय, ते पुढे बघू म्हटलं. पुष्करना सांगितलं की ह्यांना बरं नाही, मला निघायला हवं. त्यांनी तिकीट बदलून दिलं, फार विचारलं नाही. निघायच्या दुपारी ते बाहेर गाडी काढत होते. मी स्वेटर चढवला, बॅग उचलली, दार उघडलं आणि पाऊल बाहेर पडेना. पुन्हा प्रयत्न केला. पाय जमिनीत रुजल्यासारखे. तेव्हा मला उमगलं. पाहुणा माझ्याकडे आला असला तरी घर अजून अश्लेषाचंच होतं. हॉस्पिटलात गेले ते परत यायच्या बोलीवर, पण तिनं जा म्हटल्याशिवाय तो ते घर कायमचं सोडणार नव्हता, आणि म्हणून मीही नाही.

"अशू," मी हाक मारली. ती बाळाला खांद्यावर घेऊन आतल्या दारापाशी आली, माझ्यापासून लांब. "आता तुला म्हणावंच लागेल."

"त्यांना?"

"मला."

ती बघत राहिली. चार महिन्यांची होती तेव्हा अशीच बघायची, पापणी न हलवता. जे तिला एका वाळलेल्या तळ्याला म्हणता आलं नव्हतं, ते ती आईला काय म्हणणार, असं माझ्या मनात आलं, आणि त्या क्षणी मला खरोखर भीती वाटली. बाळ रडायला लागलं. त्याचा आवाज घोगरा होता, म्हाताऱ्या माणसासारखा.

अश्लेषानं बाळाच्या तोंडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"आई, नीघ," ती म्हणाली.

माझं पाऊल सुटलं. मी पायरीवर आले, माझ्या अंगावर पाऊस पडला आणि पडता पडता वाळला. मी मागे वळले. तिच्या ओठांवर सवयीचा 'ये' आला होता, तो मला स्पष्ट दिसला. मीच लावलेली सवय ती. तिनं तो गिळला.

"आणि परत येऊ नकोस," ती म्हणाली. आवाज कापला नाही तिचा. मग तिनं दार लावून घेतलं आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला. मी तिथे उभी राहिले. मला इतकं वाईट आणि इतकं बरं एकाच वेळी कधी वाटलं नव्हतं. माझी पोरगी आई झाली होती.

मी गाडीत पुष्करशेजारी बसले. हमरस्त्याला लागल्यावर त्यांनी हीटर बंद केला. काचा आतून लख्ख होत्या, बाहेर सगळं पाणीच पाणी, कालवे भरलेले, शेतं भरलेली.

"तुमचं दोघींचं काही झालं का?" त्यांनी विचारलं. मग खाकरले, ओठांवरून जीभ फिरवली आणि पुन्हा खाकरले. "आई, तिथे मागे पाण्याची बाटली असेल, देता का?"

मी बाटली उचलली. ती अर्धी होती, आणि त्यांच्या हातात देईपर्यंत त्याहून कमी झाली.

"जरा वेगानं चालवा," मी म्हणाले.